घंटेतलं गवत

खोकं परत आलं होतं. दुकानातून घरी आले, तीन जिने चढून दारापाशी थांबले, किल्लीसाठी पर्स उचकत होते आणि पायपुसण्याकडे नजर गेली तर ते तिथं. माझंच खोकं, माझीच सुतळी, आणि सुतळीला मी मारलेली गाठ तशीच. उघडून बघायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. दर सप्टेंबरात मी ते आमच्या खोऱ्यात जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देते, तो फिलोमेनाच्या खानावळीत उतरवतो, तिथून ते वर कुरणावर जातं, माझ्या भावाकडे. आत मुकुट असतो. तारेचा सांगाडा, पाइनच्या डहाळ्या, लोकांचे कपडे दुरुस्त करताना उरलेल्या रेशमी चिंध्यांची मी केलेली फुलं, आणि बरोबर कपाळावर येईल असा छोटा आरसा. वाईट नजरेनं त्यात स्वतःचंच थोबाड बघावं आणि पळावं म्हणून. डोंगरातला उन्हाळा संपला की गायी खाली गावात येतात, तेव्हा सगळ्यांत पुढच्या गायीच्या डोक्यावर तो चढतो. इन्सब्रुकमधली माझी गिऱ्हाइकं हसतात. म्हणतात, बुर्गी, आमच्या पँटची चेन बदलायला आठवडा लावतेस आणि गायीच्या टोपीसाठी जीव टाकतेस. हसू देत. त्यांना काय माहीत.

मुकुट नको म्हणायचं नसतं. तो चढत नाही त्याला कारण लागतं. उन्हाळ्यात कळपातलं एखादं जनावर कड्यावरून गेलं, विजेनं गेलं, तर त्या वर्षी गायी बोडक्या डोक्यानं उतरतात. घंटा मात्र वाजत असतात. आणि घरातलं माणूस गेलेलं असेल तर घंटाही वाजत नाहीत. त्यांच्या पोटात गवत कोंबतात, लोलक हलू नये असं घट्ट. मग कुणाला काही विचारावं लागत नाही. मी दारात तशीच उभी राहिले. घरातलं माणूस म्हणजे आता आम्ही दोघंच, फिगिल आणि मी. मी तर इथं उभी होते, हातात दुधाची पिशवी घेऊन, जिवंत. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यातून वर आली, म्हणाली, “काय हो, किल्ली हरवली का?” मी म्हटलं, “नाही, सापडली.” आणि खोकं उचललं.

आत जाऊन फिलोमेनाला फोन लावला. वर कुरणावर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी फिगिलनं उचलला नसता. फिलोमेनाचं मात्र तसं नाही. बस तिच्या दारात थांबते, डोंगराची वाट तिच्या परसातून सुरू होते, आणि खोऱ्यातली पाखरंसुद्धा तिला सांगून उडतात.

“गायी सगळ्या ठीक आहेत ना गं?” मी विचारलं.

“ठणठणीत. माझे पुतणे परवाच बघून आले. का?”

“मुकुट परत आला.”

मी खुर्ची ओढून बसले. मग ती म्हणाली, “गुरुवारी तो खाली आला होता. त्यानंच ड्रायव्हरच्या हातात दिलं ते खोकं. मला वाटलं, तुझं माप चुकलं असेल.”

“चाळीस वर्षं गायींची डोकी तेवढीच आहेत, फिलोमेना.”

“हो गं.” “बुर्गी, तू उद्या येतेस का?”

फिलोमेना मला कधी ये म्हणत नाही. उलट मी गेले की म्हणते, आल्या शहराच्या राणीसाहेब, आता चादरी बदला. त्यामुळे त्या एका वाक्यावर मी रात्रीच पिशवी भरून ठेवली.

सकाळच्या पहिल्या बसला फ्योन सुटला होता. दक्षिणेकडून कड्यांवरून खाली घसरणारा हा गरम वारा आला की आमच्याकडे माणसांची डोकी दुखतात, नवरा-बायको भांडतात, कुत्री उगाच भुंकतात, आणि डोंगर जवळ येतात. खरंच येतात. एरवी दूर धुरकट असलेला कडा अगदी बसच्या काचेला टेकल्यासारखा दिसतो, त्यावरची एकेक भेग मोजावी. मला लहानपणापासून हे जवळ आलेले डोंगर आवडत नाहीत. वडील म्हणायचे, फ्योन खोटारडा आहे. आज उन्हाळा दाखवतो आणि पडला की मागून बर्फ आणतो. मी खोकं मांडीवर घेऊन बसले होते. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता आणि मी बघितलं की रस्त्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. म्हणाला, “मी विचारलं होतं त्याला, की काय झालं. तो म्हणाला, काही नाही, तिला दे.” मी म्हटलं, “बरं केलंत.” काय बरं केलं होतं, कपाळ माझं. पण त्या माणसाचा काय दोष.

फिलोमेना दारातच उभी होती आणि तिच्या पायाशी लुंप. लुंप म्हणजे फिगिलचा कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला, आणि नावाप्रमाणे अट्टल बदमाश. तो मला बघून आला, माझे हात हुंगले, खोकं हुंगलं आणि परत जाऊन वाटेच्या तोंडाशी डोंगराकडे तोंड करून बसला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“हा इथं काय करतोय?”

“गुरुवारी आणून सोडला,” फिलोमेना म्हणाली. ती ॲप्रनला हात पुसत होती. हात कोरडेच होते. “म्हणाला, तुझ्याकडे राहू दे, म्हातारा झालाय. मी म्हटलं, अरे गायी उतरवायला कुत्रा नको का? तर म्हणे, गायी तुझे पुतणे उतरवतील, मी बोललोय त्यांच्याशी, बुधवारी सकाळी येतील ते. माझा गुडघा दुखतोय.”

“गुडघा.”

“असं म्हणाला.”

“बरगडी मोडली होती त्या वर्षी तो गायींच्या मागून चालत आला होता. श्वास घेता येत नव्हता तर शीळ घालायचं काम याला दिलं होतं म्हणायचा,” मी लुंपकडे बोट केलं. फिलोमेना हसली नाही. तिनं आत जाऊन पाव आणि खारवलेल्या मांसाचा तुकडा फडक्यात बांधून आणला, माझ्या पिशवीत कोंबला आणि म्हणाली, “पुतण्यांना पाठवू का बरोबर?” मी नको म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. आमच्या घरात असल्या गोष्टी बाहेरच्यांसमोर होत नाहीत, एवढंच. असल्या गोष्टी म्हणजे कसल्या, ते मी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं अजून.

खोकं पाठीला बांधलं आणि निघाले. लुंप पुढे. परसातून वाट निघते, मेरीच्या देवळीपाशी वळते आणि झाडीत शिरते. त्या वळणावर पाय आपोआप थांबले. याच वळणावर आई आणि मी उभ्या होतो. सगळं गाव उभं होतं, वरून गायी येणार म्हणून. मी नवा फ्रॉक घातला होता, त्याची कॉलर मानेला टोचत होती; आजही कुठल्या गिऱ्हाइकानं कॉलर टोचते म्हटलं की मला तो दिवस आठवतो. वडील आणि फिगिल वर होते. फिगिल तेव्हा अठरा-एकोणीसचा असेल. दुसऱ्यांचे कळप येऊन गेले, घंटांनी कान किटले, बायका टाळ्या वाजवत होत्या. मग आमचा यायचा होता. आई सारखी कान देत होती. तिला आमच्या घंटा ओळखू यायच्या, आवाज यायच्या आधीच ती म्हणायची, आले. त्या दिवशी ती म्हणालीच नाही. आणि झाडीतून एकदम गायच बाहेर आली. आवाजाशिवाय. मागून दुसरी, तिसरी. खुरांचा आवाज येत होता, श्वासांचा येत होता, मोठमोठ्या घंटा गळ्यात झुलत होत्या आणि त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. मला वाटलं, माझे कान गेले. मी आईकडे बघितलं, तर तिचं तोंड उघडं होतं आणि सगळे पुरुष एकेक करून टोप्या काढत होते. शेवटी फिगिल आला. एकटा.

तेव्हा प्रत्येक गायीला मुकुट असायचा, ते चढवून झाले होते, घंटा बांधून झाल्या होत्या. वडील शेवटचा पट्टा आवळायला वाकले आणि तसेच गायीच्या पायाशी पडले. वर दुसरं कुणी नव्हतं. सजवलेल्या गायी एकदा निघायला तयार झाल्या की थांबत नाहीत, सोडून धावत खाली यावं तर त्या कड्यांकडे पांगल्या असत्या. मग त्यानं वडिलांना झोपडीतल्या बाकावर निजवलं, त्यांच्या अंगावर त्यांचंच जाकीट घातलं, आणि एकेका गायीचा मुकुट सोडला. एकेका घंटेत गवत कोंबलं. आणि गायीच्या चालीनं, सावकाश, सगळा डोंगर उतरून आम्हाला बातमी आणून दिली. तो त्याबद्दल एकदाच बोलला, वडिलांना जाऊन तेरा का चौदा वर्षं झाली तेव्हा, थोडी घेतलेली असताना. म्हणाला, “शेळी, एखाद्यावर काय वेळ यावी आणि काय येऊ नये, त्यातली ती एक.” मला तो शेळी म्हणतो. मी सारखी काहीतरी चघळत असते आणि सारखी मान वळवून मागं बघते म्हणून.

झाडी चढून वर आले तेव्हा घामानं पाठ भिजली होती. चढ तोच, ओढा तोच, ओढ्यावरचं लाकूड बदललेलं. फ्योननं झाडं हलत होती आणि खाली मात्र एक पान पडत नव्हतं, सगळं कसं घट्ट धरून बसलेलं. मी स्वतःशी भांडत होते. म्हणत होते, अगं त्याचं काहीतरी बिनसलं असेल, तुझ्यावर रागावला असेल, ईस्टरला गेली नाहीस तू. मग म्हणत होते, रागावलेला माणूस कुत्रा देऊन टाकत नाही. मग म्हणत होते, म्हातारपण आहे, विक्षिप्तपणा आहे. आणि प्रत्येक वेळी पायांनी माझं न ऐकता वेग वाढवलेला असायचा. लुंप पुढे जाऊन थांबायचा, वळून बघायचा. त्याच्या नजरेत घाई नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं. झाडं खुजी होत गेली, मग वाकडी, मग संपली. एरवी इथं पोचलं की मार्मोट, खारीच्या जातीचे ते जाडजूड प्राणी, शिट्ट्या मारतात, बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभे राहून सगळ्या डोंगराला सांगतात की कुणीतरी आलं. आज एकानंही शिट्टी मारली नाही. थंडीसाठी आत गेले असतील. मीच मला समजावलं, आणि चढाचा शेवटचा टप्पा जवळजवळ पळत काढला.

कुरण तिथंच होतं. ते नेहमी एकदम येतं. कडा चढून डोकं वर काढावं तर समोर सगळं हिरवं, आता पिवळट पडलेलं, पार कड्यांच्या पायथ्यापर्यंत. जवळ आलेल्या कड्यांमुळं ते लहान झालं होतं. खाली एका कोपऱ्यात दगडी झोपडी. आणि गायी चरत होत्या. राखाडी, गुबगुबीत, ठणठणीत. मी आनंदानं एक पाऊल टाकलं आणि थांबले, कारण आवाज नव्हता. डझनभर गायी माना हलवत होत्या, गवत उपटत होत्या, गळ्यात चरायच्या लहान घंटा नव्हे तर उतरायच्या दिवसाच्या मोठ्या पितळी घंटा होत्या, त्या डावीकडून उजवीकडे झुलत होत्या आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा तीच लहान मुलगी झाले. मानेला कॉलर टोचली. सगळ्यांत जवळ झिर्मी होती, कळपाची म्होरकी, मी तिच्यापाशी गेले आणि तिच्या घंटेत बोटं घातली. गवत. ताजं, हिरवं, आजच कापलेलं, बोटाला ओलं लागलं.

“फिगिल!” मी ओरडले. माझा आवाज कड्यावर जाऊन परत आला. झोपडीचं दार उघडं होतं. आत सगळं झाडून काढलेलं, दुधाची भांडी घासून पालथी घातलेली, चुलीत राख नाही. वडिलांना ज्या बाकावर ठेवलं होतं तो पुसलेला. टेबलावर त्याचा चाकू आणि पाइप शेजारी शेजारी, आणि ज्या खिळ्याला चर्चचं चांगलं जाकीट असतं तो खिळा रिकामा. आठवड्याच्या मधल्या वाराला माणूस चांगलं जाकीट घालून कुठं गेला? मी बाहेर आले आणि लुंप नव्हता. मग तो दिसला, कुरणाच्या पलीकडच्या कडेला, जिथं गवत संपतं आणि खाली घळ आहे. कडेला उभा राहून तो खाली बघत होता आणि शेपूट हलवत होता.

फिगिल कडेच्या खालच्या कातळावर बसला होता. चांगलं जाकीट, बूट पॉलिश केलेले, हात खिशात. पाय घळीच्या बाजूला. लुंप त्याच्या अंगावर चढत होता आणि त्यानं खिशातून हात काढला नव्हता.

“याला कुणी आणलं?” त्यानं मागं न बघता विचारलं.

“मी. फिलोमेनाच्या कोंबड्या कंटाळल्या त्याला.” माझा आवाज कसा आला देव जाणे. मी उतरले, बसतबसत, आणि त्याच्या शेजारी टेकले. इतक्या जवळ की मला ढकलल्याशिवाय त्याला उठता येऊ नये.

“शेळी, तू इथं कशाला आलीस?”

“मुकुट चुकून माझ्याकडे आला. म्हटलं, पोचवून यावं.”

“नको म्हणून पाठवला होता.”

“ते कळलं. का, ते ऐकायला आलेय. गुडघे फोडून घेतलेत त्यासाठी.”

त्यानं बुटाच्या टोकानं एक खडा घळीत ढकलला. मग म्हणाला, “गायी विकल्या. पलीकडच्या खोऱ्यातला एक जण नेतोय, उद्या दुपारी गाडी येईल. मला होत नाही आता. पुढच्या उन्हाळ्यात इथं माझं काही नाही. मुकुट घरी येणाऱ्या गायींना असतो, या कुठं घरी येतायत?”

खरं सांगते, एक क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. एवढंच होय! गायी विकल्या, वाईट झालं, रडू आपण दोघं, पण एवढंच. मी “अरे मग” असं म्हणणारसुद्धा होते. आणि बोटांना लागलेलं ओलं गवत मला दिसलं.

“मग बोडक्या उतरव,” मी म्हटलं. “गवत कशाला?”

तो घळीकडे बघत राहिला.

“फिगिल, मी विचारतेय. गवत कुणासाठी?”

खाली घळीत पाणी वाजत होतं. त्यानं पहिल्यांदा खिशातून हात काढला आणि लुंपच्या पडलेल्या कानावर ठेवला. “ती पोरं उद्या सकाळी येणार,” तो म्हणाला. “त्यांना जमलं नसतं. एकेक घंटा धरायची, गाय मान झटकते, हात थरथरत असतात, गवत बसतच नाही. निसटतं. पुन्हा कोंबायचं. म्हटलं, आपणच करून ठेवावं. त्यांनी नुसतं खाली न्यायचं.”

अगदी शांतपणे म्हणाला. चुलीला लाकडं फोडून ठेवलीत, असं सांगावं तसं. आणि मला त्या उजेडात, त्या घाणेरड्या गरम वाऱ्यात दिसलं की यानं सगळं आवरलंय, कुत्रा, चाकू, भांडी, आणि स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा तयार करून गायींच्या गळ्यात बांधलीय, म्हणजे कुणाला त्रास नको. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी रडेन, त्याला जवळ घेईन. कसलं काय. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग दुसरा घातला.

“मेल्या, आणि मी? मी कुठं उभी राहायचं होतं? त्याच वळणावर? पुन्हा?”

“तू शहरात असतीस.”

“असं होय! मग फिलोमेना फोन करणार, मी दुकानात कुणाचीतरी पँट तोंडात टाचण्या धरून मापत असणार, तिथं कळणार मला! छान. फार विचार केलास माझा.”

“ओरडू नकोस, गायी बुजतील.”

“बुजू देत! विकल्यात ना!” आणि मग मात्र मला रडू फुटलं, नाकातोंडातून, लाज वाटावी असं. तो अवघडून बसला होता. आमच्याकडे कुणी कुणाला हात लावत नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “बुर्गी, मी उठतो सकाळी आणि काही नसतं. हे कळप वगैरे नंतरचं. आधीपासूनच नाही काही.” मी डोळे पुसले. मला शिवता येतं आणि मुकुट करता येतो. मी म्हटलं, “ऊठ. वारा पडतोय.”

खरंच पडत होता. पश्चिमेकडे कड्यांमागून राखाडी काहीतरी वर येत होतं. उद्या सकाळपर्यंत या कुरणावर बर्फ असणार होतं आणि त्यालाही ते दिसत होतं. काहीही झालं तरी गायी बर्फात ठेवायचा तो माणूस नव्हता. मी त्याचं जाकीट धरून त्याला वर घेतलं आणि कुरणात येईपर्यंत सोडलं नाही. मग खोकं उघडलं. प्रवासात एक फूल चेपलं होतं. आरशात माझा चेहरा दिसला, लाल, सुजलेला, आणि वर कपाळ वडिलांचं.

“हा मी झिर्मीला बांधतेय,” मी म्हटलं. “तुला माहीताय त्याचा अर्थ काय होतो. सगळे जिवंत उतरले, हा अर्थ होतो. पुढं मी चालते. मागं तू. खाली पोचल्यावर मागं कुणी नसेल तर हा सोडावा लागेल. आणि तो मला सोडावा लागेल, त्या वळणावर, सगळ्या गावासमोर. तू सोडले होतेस एकदा. मला सोडायला लावायचे असतील तर राहा इथंच.”

तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ की मला वाटलं, तो वळून कातळाकडे चालू लागेल, आणि मी त्याला अडवू शकणार नाही. तो माझ्यापेक्षा उंच आहे, ताकदवान आहे, आणि त्याला चोवीस तास कोण धरून ठेवणार? मग म्हणाला, “तुला पुढं चालता येतं का? दहा वेळा मागं बघशील. पुढच्या माणसानं तोंड फिरवलं की गाय थांबते.”

“नाही बघणार.”

“लहानपणी दर वेळी बघायचीस.”

“लहानपणी तू मागून माझ्या वेणीत काटक्या खोचायचास.”

त्यानं झिर्मीची शिंगं धरली, घट्ट, नीट, आणि मी मुकुट बांधेपर्यंत धरून ठेवली. घंटांतलं गवत मी काढलं. तो काढत नव्हता, नुसता बघत होता. शेवटच्या घंटेशी मात्र पट्टा उलटा अडकला होता, तिथं तो पुढं आला, वाकला, वडील वाकले होते तसा, आणि त्यानं दोन बोटांनी गवताचा बोळा ओढून काढला आणि फेकला. लोलक हलला. त्या एवढ्याशा आवाजानं सगळ्या गायींनी माना वर केल्या.

आणि आम्ही उतरलो. झिर्मी माझ्या खांद्यामागं, तिचा गरम श्वास माझ्या दंडावर, आणि मागं सगळा कळप. मला हवा होता तो आवाज आता मिळाला होता आणि तोच माझा वैरी झाला. एवढ्या घंटा एकदम वाजत असताना दुसरं काही ऐकू येत नाही. त्याची काठी नाही, बूट नाही, शीळ नाही. झाडीत शिरताना मला वाटलं, तो वरच राहिला. ओढ्यापाशी वाटलं, आताच वळला असेल. मी त्याच्याशी बोलत होते, मोठ्यांदा, मलाही ऐकू येत नव्हतं. सांगत होते की माझ्याकडे पुढची खोली रिकामी आहे, खिडकीतून गॅरेज दिसतं, पण राहायला काय झालं, लुंपलाही चालेल, खालची बाई कटकट करेल, करू दे. मान दुखत होती. मान वळवायची नाही म्हणून माणसाची मान एवढी दुखते हे मला माहीत नव्हतं. वारा पूर्ण पडला, हवा एकदम गार झाली, उजेड राखाडी झाला. एकदा मागं फांदी मोडल्यासारखं वाटलं. गायीनंही मोडली असेल. मी चालत राहिले.

देवळीच्या वळणाआधीच्या शेवटच्या झाडांपाशी आले आणि मला पुढं जाता येईना. आणखी थोडं, की खालून आम्ही दिसणार. फिलोमेना घंटा ऐकून बाहेर आली असणार, शेजारी आले असणार, ते मुकुट बघून हसणार आणि मग माझ्या मागं, कळपाच्या मागं बघणार. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळणार. आईला कळलं तसं. ते मला नको होतं. जे काही असेल ते मला इथं, एकटीला कळू दे. मी थांबले. झिर्मी थांबली. तिची घंटा दोनदा वाजून गप्प झाली. मग तिच्या मागची. मग तिच्या मागची. शांतता माझ्यापासून निघून मागं मागं सरकत गेली, एकेक घंटा विझवत, वर झाडीत, दिसेनाशा झालेल्या शेवटच्या गायीपर्यंत. मी समोर बघत होते. पहिला बर्फाचा कण झिर्मीच्या आरशावर पडला आणि वितळला. मागून पायांचा आवाज आला, हलके, भराभर, आणि लुंप माझ्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. एकटाच. जीभ बाहेर, तोंड वर करून माझ्याकडे बघत. त्याच्या मागून दुसरा कसलाच आवाज नव्हता.

“काय झालं गं पुढं?” झाडीतून तो ओरडला. दमलेला, वैतागलेला. “मागं बघतेयस ना? बघतेयसच! सांगितलं होतं तुला, शेळी! चल पुढं, गायींना थंडी वाजतेय!”

“नाही बघत!” मी ओरडले. आणि खरंच बघितलं नाही. झिर्मीच्या मानेवर हात ठेवला, तिचा पट्टा ओढला आणि वळणावरून खाली उतरायला लागले.